घंटा नसलेली सायकल

"घंटा कुठाय हिची?"

माझ्या नव्या सायकलीकडे बघून बाबांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. फ्रेम कशाची, गिअर किती, डिस्क ब्रेक म्हणजे काय, असलं काही नाही. दुकानातला मुलगा गालातल्या गालात हसला. मीही हसलो. आमच्या होस्टेलवर 'घंटा' हा शब्द कुठल्या अर्थानं वापरला जायचा हे सूज्ञांस सांगणे न लगे, त्यामुळे त्या हसण्यात जरा वात्रटपणाही होता. :)

"बाबा, एमटीबीला घंटा नसते."

"का?"

"जंगलात चालवायची सायकल आहे ही. तिथं ट्रॅफिक कुठं असतं?"

"ट्रॅफिक नसतं. माणसं असतात," एवढंच म्हणून ते दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

हा संवाद मी त्याच दिवशी विसरलो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो व्याजासकट परत आला. त्याची ही गोष्ट.

आधी थोडी पार्श्वभूमी. बाबा निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं. पण चाललं की गुडघे दुखायचे. सायकलवर अंगाचा बराचसा भार सीटवर जातो, गुडघ्यांवर कमी येतो, म्हणून मग सायकल. माझी जुनी सव्वीस इंची चाकांची सायकल बाल्कनीत धूळ खात पडली होती, ती त्यांनी पुसून काढली, चेनला तेल घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मला हाक मारली. "चल, जाऊन येऊ." त्यानंतर शनिवार-रविवार हा आमचा नेमच झाला. बाप-लेकाच्या बोलण्यात जे विषय शिल्लक असतात (पगार, लग्न, पुन्हा लग्न), ते सायकलवर काढता येत नाहीत, कारण चढावर दम लागलेला असतो. त्यामुळे नातेसंबंध सुधारायला एकदम उत्तम वाहन!

पुण्याच्या आजूबाजूच्या टेकड्या करून झाल्या आणि मग एक दिवस बाबाच म्हणाले, "बिरवाडीला जाऊ सायकली घेऊन. तुला जंगल दाखवतो."

बिरवाडी आमचं गाव. महाडपासून आठ-दहा किलोमीटर आत, काळ नदीच्या काठी. ही काळ नदी पुढं महाडजवळ सावित्रीला मिळते. गावाला लागूनच एमआयडीसी, त्यामुळे गावाची ओळख सांगताना लोक नाक मुरडून "ते केमिकलवालं का?" असं विचारतात. वारा चुकीच्या दिशेनं आला तर त्यांचं अगदीच चूक असतं असंही नाही. पण मान जरा पूर्वेकडे वळवली की सह्याद्रीची भिंतच्या भिंत उभी असते. एका बाजूला वरंधा घाट, दुसरीकडे मंगळगड. त्याचं जुनं नाव कांगोरी. जावळीच्या मोऱ्यांकडून १६५६ साली शिवाजी महाराजांकडे आलेल्या किल्ल्यांपैकी हा एक. आणि त्या भिंतीच्या पायथ्याशी ऐन, किंजळ, सावर, हिरडा, रानआंबा असं दाट रान. त्या रानातून एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर जाणाऱ्या पायवाटा. सिंगल ट्रॅक, सिंगल ट्रॅक म्हणत मी जे यूट्यूबवर बघत बसायचो, ते माझ्याच आजोळ-घराच्या पाठीमागं शेकडो वर्षं पडलेलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

(आम्ही नेमक्या कुठल्या वाटेनं गेलो ते मुद्दाम लिहीत नाही. कारण शेवटी कळेल.)

वरंधा घाटातल्या दरडींचा आणि रस्त्याच्या कामांचा काही भरवसा नसतो, म्हणून शनिवारी आम्ही ताम्हिणीनं उतरून माणगाव, महाड करत बिरवाडी गाठली. गाडीच्या मागं रॅकवर दोन सायकली. काकांनी दारातच विचारलं, "एवढ्या लांबनं सायकली गाडीत घालून आणल्या? मग चालवणार कधी?" काकूनं माझ्या सायकलची किंमत विचारली. मी खरी किंमत निम्मी करून सांगितली, तरी तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आणि हिला स्टँड नाय? कॅरिअर नाय? चिखलपत्रापण नाय? एवढ्या पैशात देतात काय मग ते?"

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

रात्री अंगणात बसून मी बाबांना माउंटन बायकिंगचा इतिहास ऐकवत होतो. (हो, मी तसला मुलगा आहे.) म्हटलं, हे सगळं सुरू झालं अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत. सत्तरच्या दशकात तिथली काही पोरं टॅमलपाइस नावाच्या डोंगराच्या आसपास जुन्या, १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर चढवून नेत आणि सुसाट खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. साधारण तीन किलोमीटरच्या वाटेत चारशे मीटरचा उतार. त्या सायकलींना ब्रेक कसला, तर पेडल उलटं दाबायचं आणि मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक लागायचा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर यायचा. मग हब उघडून पुन्हा नवं ग्रीस भरायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रीपॅक'.

बाबा मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे थांबता येत नव्हतं, त्याचंच नाव ठेवलं."

"तसंच काही नाही..."

"नाही, बरोबर आहे. आमच्याही सायकली थांबायच्या नाहीत." आणि मग ते उठून झोपायला गेले. मला वाटलं, विनोद केला.

रविवारी सकाळी सहाला निघालो तेव्हा नदीवर धुकं होतं. पहिले काही किलोमीटर डांबरी रस्ता, मग मातीचा रस्ता, मग एका विहिरीपाशी उजवीकडे वळून बाबा रानात शिरले. त्यांनी वाट विचारली नाही, मोबाइल काढला नाही. "इथनं आम्ही करवंदांना यायचो," एवढंच. माझ्या मनगटावरच्या घड्याळात मात्र नकाशा उघडा होता आणि त्यात आम्ही एका हिरव्या, कोऱ्या पट्ट्याच्या मधोमध एक निळा ठिपका होतो. वाट नाहीच! गूगलच्या लेखी बाबांचं बालपण अस्तित्वात नव्हतं.

फेब्रुवारीतलं रान सायकलला फसवं असतं. पानगळ सुरू झालेली असते. वाटेवर वाळलेल्या पानांचा वीतभर थर, आणि त्याखाली दगड आहे, मूळ आहे की खड्डा, ते चाक पोचल्याशिवाय कळत नाही. मी बाबांना शिकवत होतो: टायरमधली हवा थोडी कमी ठेवा, म्हणजे टायर दगडावर दबून पकड घेतं. उतारावर सीट खाली, बूड मागं. पुढचा ब्रेक घाबरत दाबू नका, कारण ब्रेक लावला की वजन पुढं येतं आणि खरं थांबवायचं काम पुढचंच चाक करतं. फक्त एकदम करकचून दाबायचा नाही. बाबा "हं, हं" करत होते आणि आपल्याला हवी तशीच सायकल चालवत होते. म्हणजे हळू. चढावर एका ठरावीक लयीत, न उतरता. उतारावर मात्र दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवून, चालत्या माणसाच्या वेगानं.

सावरीला फुलं लागली होती, वाटेवर लाल लाल सडा. मध्येच कुठंतरी शीळकरी कस्तूर गात होता. हा पक्षी कुणीतरी शाळकरी पोर मजेत शीळ घालत चाललंय अशी शीळ घालतो. मी बाबांना म्हटलं, "कोणीतरी येतंय वाटतं." ते हसले. "पक्षी आहे तो. लहानपणी आम्हीपण फसायचो."

पुढं रहाटी लागली. रहाटी म्हणजे देवराई, देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली झाडं तोडायची नाहीत हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, तरी पाळला जातो. आत शिरलं की उजेड एकदम कमी होतो आणि गारवा वाढतो. जुनी प्रचंड झाडं, त्यांवर चढलेल्या मनगटाएवढ्या वेली. बाबा सायकलवरून उतरले आणि ढकलत चालायला लागले.

"इथं तर सपाट आहे बाबा. मस्त चालवता येईल."

"येईल. पण इथनं चालत जायचं."

मी उतरलो खरा, पण मनातल्या मनात चरफडत. कारण एव्हाना माझं सगळं लक्ष पुढच्या उताराकडे होतं. रहाटीनंतर वाट सरळ एका वाडीकडे उतरते, दीडेक किलोमीटर, मध्ये तीन-चार वळणं. आदल्या दिवशी काकाच्या मुलानं त्याचं वर्णन करून ठेवलं होतं. महिनाभर ऑफिसमध्ये एका रिलीजनं जीव खाल्ला होता. रात्री अकराचे कॉल, सकाळी आठचे कॉल. मला तो उतार हवा होता.

रहाटी संपली तसा मी बाबांना म्हटलं, "मी पुढं होतो. खाली ओहोळापाशी थांबतो." ते काहीतरी म्हणाले. मी ऐकलं नाही.

खरं सांगायचं तर ती पहिली दोन मिनिटं अजूनही आठवली की अंगावर शहारा येतो. मजेचा. सीट खाली, गुडघे सैल, चाकाखाली पानं चुरचुरतायत, झाडं दोन्ही बाजूंनी मागं पळतायत, डोक्यात एकही विचार नाही. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणावर वाट एका मोठ्या खडकाला वळसा घालून जाते, पलीकडचं काही दिसत नाही.

पलीकडे एक बाई होती.

डोक्यावर लाकडांची मोळी. मोळी डोक्यावर असली की मान वर करून बघता येत नाही, नजर पायापुढं दोन-तीन हातांवर असते. आणि वाट इतकी अरुंद की मोळीची दोन्ही टोकं दोन्हीकडच्या झुडपांना घासत होती. मी दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक घसरलं, सायकल आडवी गेली, मी करवंदीच्या जाळीत. बाई बाजूला झाली, तोल गेला, मोळी धाडकन खाली आणि ती खडकाला हात लावून कशीबशी खाली बसली.

दोन-तीन सेकंद काहीच आवाज नाही. माझ्या सायकलचं चाक तेवढं टिकटिक टिकटिक फिरत होतं.

"लागलं का? आजी, लागलं का तुम्हाला?" मी काट्यांतून उठत ओरडलो.

सत्तरीच्या आसपासची बाई. छातीवर हात ठेवून श्वास घेत होती. मग म्हणाली, "नाय रं बाबा. मला वाटलं जनावरच आलं अंगावर."

आमच्याकडे रानात बिबट्याचं नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. रोज ज्या रानात ती बिबट्याच्या शक्यतेसह ये-जा करत होती, तिथं तिला पाडायला आलं कोण, तर पुण्याहून सायकल घेऊन आलेला मी.

तिच्या कोपराला खरचटलं होतं. बाकी काही नाही. पण तो खडक तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होता. ते अंतर मी अजून विसरलेलो नाही.

बाबा आले. त्यांनी सायकल आडवी टाकली, आधी तिच्याजवळ गेले, उकिडवे बसले. "काकी, पाणी घ्या." कोपर धुतलं, हात हलवून बघायला सांगितला, पाय टेकवून बघायला सांगितला. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला वाटत होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कुनाचा रं तू?" तिनं बाबांना विचारलं. बाबांनी घराची खूण सांगितली. "म्हंजे तुझी आई...!" आणि मग आजीची चौकशी, आजी गेली त्याला किती वर्षं झाली त्याचा हिशोब, लावणीच्या दिवसांतल्या आठवणी. मी बाजूला करवंदीचे काटे काढत उभा.

मग बाबा पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "मोळी उचल."

मी उचलायला गेलो. आठवड्यातनं तीन दिवस जिमला जाणारा मी, ती मोळी छातीपर्यंत आणली आणि पुढं काही केल्या डोक्यावर जाईना. पंचवीस किलो तरी असेल. वजनापेक्षा तोल कठीण. ती बाई हसायला लागली. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. मान मोडंल."

आणि इथं काकूचा प्रश्न पुन्हा आठवला. एवढ्या पैशात देतात काय मग ते? कारण माझ्या सायकलला कॅरिअर नव्हता. कॅरिअर असता तर मोळी बांधून पाच मिनिटांत घरी पोचवली असती. शेवटी बाबांनी युक्ती काढली. मोळी माझ्या सायकलच्या सीटवर आणि हँडलवर लांबीनं ठेवली, मोळीचीच वेल काढून ती फ्रेमला बांधली, मी एका बाजूनं हँडल धरलं, ते मागून धरत होते, आणि अशी आमची वरात निघाली. पुढं ती बाई, मोकळ्या हातानं, चुंबळ खांद्यावर टाकून, आमच्यापेक्षा वेगात. कार्बनचं हँडल, हवेचा शॉकअप आणि वर ऐनाची लाकडं! त्या सायकलनं तिच्या आयुष्यात केलेलं ते पहिलं उपयोगाचं काम असावं.

वाटेत मी विचारलं, "आजी, गॅस नाही का घरी?"

"हाय की. पण आंघोळीच्या पाण्याला कोन जाळतो गॅस?"

पुढं एका ठिकाणी वाट सरळ न जाता एकदम वर चढून वळसा घेत होती. मी म्हटलं, इकडून सरळ का नाही? तिनं काठीनं दाखवलं. सरळ पुढं डोंगराचा एक पट्टा खरवडल्यासारखा उघडा होता, त्यावर आता कुठं गवत धरत होतं. "एकवीस सालच्या पावसात गेली ती वाट." २०२१ च्या जुलैतला तो पाऊस. २२ जुलैला याच तालुक्यात तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याआधी २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन. आम्ही पुण्यात बसून टीव्हीवर बघितलेली नावं. इथं मात्र दरड म्हणजे रोजच्या वाटेला पडलेला अर्ध्या तासाचा वळसाही असतो, डोक्यावर मोळी घेऊन.

ते बघताना मला मघाचं वळण आठवलं. मागचं चाक करकचून घसरलं तिथं पानांचा थर बाजूला होऊन तांबड्या मातीत लांब चर पडला होता. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथं. असा चर म्हणजे पहिल्या पावसाला आयतं गटार. पाणी चरातनं धावणार, माती नेणार, पुढच्या वर्षी तिथं मुळं उघडी पडणार. वाट माणसांच्या पायांनी शेकडो वर्षांत बनते आणि माझ्यासारखे दहाजण दर रविवारी आले तर दोन पावसाळ्यांत तिची नाळ होईल.

वाडीवर पोचल्यावर तिनं आम्हाला कोरा चहा पाजला. निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "सावकाश जा रं." बस्स. एवढंच. मला पाडलंस म्हणून एक शब्दही नाही.

परतीच्या वाटेवर नदीकाठी आम्ही थांबलो. बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, चुकलं माझं."

ते पाण्याकडे बघत होते. मग अचानक बोलायला लागले.

"त्र्याण्णव साल. गणपतीच्या आधीचे दिवस. सेकंड शिफ्ट, अकराला सुटायची. पाऊस होता. तेव्हा सायकलला डायनामो असायचा, टायरला घासून चालणारा. टायर ओलं झालं की तो घसरतो, दिवा बंद. ब्रेक सळीचे, रिम ओली झाली की रबर नुसतं सरकतं. आणि माझी घंटा महिनाभर मोडलेली होती. नवीन घ्यायची राहून जात होती. दहा-पंधरा रुपयांची वस्तू."

"मग?"

"एमआयडीसीकडून गावाकडे येताना उतार आहे. एक माणूस छत्री घेऊन पुढं चालला होता. मला दिसला तोवर उशीर झाला. त्याला माझी चाहूलच नव्हती."

त्या माणसाचा उजवा हात मोडला. बाबांनी त्याला कॅरिअरवर बसवून गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. हात जोडला, पण थोडा वाकडाच राहिला. शेतकरी माणूस, आणि भातकापणी दीड महिन्यावर. त्या वर्षी बाबांनी रजा टाकून त्याचं भात कापून दिलं, झोडून दिलं. पुढची काही वर्षं दिवाळीत ते त्याच्या घरी जायचे. तो माणूस कधीच काही म्हणाला नाही. "नांगर धरताना मात्र हात पुरता वळायचा नाही त्याचा. ते बघवायचं नाही मला."

"आईला माहीत आहे?"

"आहे. तुला सांगायची वेळ आली नव्हती."

थोडं थांबून म्हणाले, "तू अंगात रग असताना चालवतोस, चालव. मी नको म्हणत नाही. पण रस्त्यावर गाड्या असतात म्हणून आपण जपतो. रानात कोणी नाही असं आपल्याला वाटतं. तिथं जो असतो तो चालतच असतो. आणि त्याच्या डोक्यावर ओझं असतं."

मग उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "चल. काकूनं जेवायला थांबायला नको."

घरी आल्यावर घड्याळ मोबाइलला जोडलं. ॲपनं टाळ्या वाजवून अभिनंदन केलं. त्या उतारावर माझा कमाल वेग ताशी एकतीस किलोमीटर, आणि हा माझा वैयक्तिक विक्रम होता म्हणे. त्या निळ्या रेषेवर तिसऱ्या वळणापाशी वेग एकदम शून्यावर आलेला दिसत होता. बाई दिसत नव्हती. मी ती राइड पुसून टाकली. वाटेचं नाव लिहीत नाही ते याचसाठी. एकदा ती रेषा ॲपवर गेली की तिच्यावर कोण किती सेकंदांत उतरलं याची यादी तयार होते, आणि यादी आली की विक्रम मोडायला माणसं येतात. मी ओळखतो त्यांना. मी त्यांच्यातलाच आहे.

त्या रात्री झोप येईना म्हणून पुन्हा त्या टॅमलपाइसबद्दल वाचत बसलो. बाबांना मी अर्धीच गोष्ट सांगितली होती, कारण मला अर्धीच माहीत होती. उरलेली अशी: त्याच डोंगरावर चालणारी माणसं आणि घोड्यावरून फिरणारी माणसं सायकलवाल्यांना वैतागली. वळणावरून अचानक अंगावर येतात, घोडे बिथरतात, वाटा खराब होतात, अशा तक्रारी. १९८० च्या दशकात तिथल्या बहुतेक अरुंद पायवाटांवर सायकलला बंदी आली. रुंद रस्त्यांवर वेगमर्यादा लागली ताशी १५ मैल, आणि आंधळ्या वळणावर किंवा माणसाजवळून जाताना ५ मैल. म्हणजे हा खेळ जिथं जन्मला, तिथल्याच वाटा त्याला बंद झाल्या. मग १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच सायकलवाल्यांनी एकत्र येऊन एक आंतरराष्ट्रीय संघटना काढली आणि वाटेवरचे नियम ठरवले. सायकल ताब्यात ठेवा. चालणाऱ्याला आधी वाट द्या. जनावरांना बिचकवू नका. मागं खूण ठेवू नका.

वाचता वाचता मला हसू आलं. एवढी भांडणं, बंद्या आणि बैठका होऊन जे कागदावर आलं, ते बाबा सकाळपासून न बोलता करत होते. रहाटीत उतरून चालणं, उतारावर ब्रेकवर बोटं. आणि घंटा कुठाय, हा प्रश्न तर त्यांनी दुकानातच विचारला होता.

सोमवारी बिरवाडीहून निघायच्या आधी मी बाजारातल्या सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदारानं माझ्या सायकलला चारी बाजूंनी न्याहाळलं. "हिला साधी घंटा बसत नाय. हँडल जाड हाय." मग त्यानं जुन्या ट्यूबचा तुकडा कापून क्लॅम्पखाली घातला, मोठा स्क्रू लावला आणि पितळेसारखी चकचकीत, आमच्या लहानपणी असायची तसली घंटा बसवून दिली. सगळे मिळून ऐंशी रुपये. मॅट काळ्या सायकलवर ती इतकी विजोड दिसते की पुण्यात ग्रुपमधल्या प्रत्येकानं एकदा तरी त्यावरून माझी खेचली आहे. खेचू देत.

दुसरी घंटा मी बाबांच्या सायकलसाठी घेतली होती. घरी येऊन बसवायला गेलो तर त्यांच्या सायकलला आधीच होती. हँडलच्या उजव्या बाजूला, केबलच्या मागं, लहानशी. सायकल पहिल्यांदा पुसली त्याच दिवशी त्यांनी लावली होती म्हणे. इतके महिने मी त्यांच्या पुढं सायकल चालवत होतो, त्यामुळे माझ्या लक्षात आलं नाही.

आता पुढच्या शनिवारी पुन्हा बिरवाडी आहे. त्या बाईंच्या घराकडच्या वाटेवर मी पाडलेला चर बुजवायचा आहे, पावसाच्या आत. काकाकडून फावडं घेऊ. आणि या वेळी माझ्या सायकलला कॅरिअर असेल. कसा बसवायचा ते अजून कळलेलं नाही, पण बाबा म्हणाले, "बघू, काहीतरी करू."

असो. सोमवारी सकाळी आठला कॉल आहे. झोपतो.